नकाशा हातात असून जंगलात चुकते, लाँग रेसला काय करू?

प्रश्न: ताई नमस्कार, मी मूळची साताऱ्याची, तीन वर्षं झाली नवऱ्याच्या नोकरीमुळे स्वीडनला गोथेनबर्गजवळ राहतेय. सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत, १० किमी आरामात पळते. इथल्या क्लबबरोबर ओरिएंटिअरिंग, म्हणजे नकाशा-होकायंत्राने जंगलात वाट शोधत पळायचा खेळ, सुरू केलं, छोटे कोर्स जमतात, आता जुलैत पाच दिवसांच्या ओ-रिंगेन स्पर्धेला नाव दिलंय आणि त्यातल्या लाँग डिस्टन्सच्या दिवसाची भीती बसलीय. मागच्या रेसला एका कंट्रोलसाठी (झेंडा लावलेली जागा) चाळीस मिनिटं फिरत होते, बाजूने लोकं पळत जात होती आणि मला झेंडा काही दिसेना. पळायचा सराव वाढवू का?

उत्तर: नका वाढवू, पाय तयार आहेत तुमचे. आधी बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. हातात नकाशा आणि होकायंत्र, नकाशावर जांभळ्या रंगात सुरुवातीचा त्रिकोण आणि मग नंबर दिलेली वर्तुळं, प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर जंगलात खरोखरचा पांढरा-केशरी झेंडा, तिथे बोटातली चिप लावायची, बीप झालं की पुढे. क्रम मोडायचा नाही आणि एक जरी राहिला तरी रेस बाद. मधली वाट आखलेली नसते, ती तुम्हीच ठरवायची. लाँगमध्ये दोन कंट्रोलमधलं अंतर, म्हणजे लेग, मुद्दाम लांब ठेवतात, कारण तिथे वाट निवडण्याचीच परीक्षा असते.

आता तुमचं. सह्याद्रीत आपल्याला लांबचं बघून चालायची सवय लागते, राजगडावरून तोरणा दिसतो, दिशा कळली की निम्मं काम झालं. स्वीडनच्या जंगलात पन्नास मीटरच्या पुढचं दिसत नाही, सगळी टेकाडं बुटकी आणि एकसारखी. शिवाय ट्रेकला आपण वापरतो तो सर्व्हेचा नकाशा १:५०,०००चा, त्यात दोन कंटूरमध्ये, म्हणजे समान उंचीच्या रेषांमध्ये, २० मीटर. तुमच्या हातातला बहुतेक १:१०,०००चा असेल, कंटूर ५ मीटरचे, म्हणजे आपण ज्याच्याकडे ढुंकून बघत नाही असा माणसाएवढा दगडसुद्धा त्यात काळ्या ठिपक्याने दाखवलेला. पण एक गोष्ट तुमच्याकडे आधीपासून आहे, सोंड, घळ, खिंड, टेपाड हे शब्द. कंटूर बघताना तेच मनात म्हणा, "सोंडेवरून उतरायचं, घळ ओलांडायची, खिंडीत उजवीकडे", नुसत्या तपकिरी रेषा बघण्यापेक्षा हे डोक्यात पक्कं बसतं.

आणि लांब लेग शेवटाकडून वाचायचा! हे मला कोणीतरी पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं. समजा कंट्रोल टेकाडामागच्या दगडाशी आहे. आधी वर्तुळाच्या आसपास चुकूच शकणार नाही अशी मोठी खूण शोधा, दलदलीचा कोपरा, पायवाटेचं वळण, कुंपणाचा कोपरा, कंट्रोलपासून १००-१५० मीटरच्या आत. मग त्या खुणेपर्यंत कसं जायचं ते ठरवा, आणि सर्वात शेवटी बघा की आत्ता उभी आहे तिथून निघायचं कुठून. खुणेपर्यंत बिनधास्त पळा, तिथून पुढे मात्र चाला, होकायंत्र छातीसमोर धरून, पावलं मोजत. तुमची चाळीस मिनिटं माझ्या अंदाजाने या शेवटच्या तुकड्यातच गेलीत, कारण बहुतेकांची तिथेच जातात.

वाट निवडायचा एक ढोबळ हिशोब देते, चढाच्या प्रत्येक मीटरला सपाटीचे दहा मीटर धरायचे. सरळ रेघेत ९०० मीटर आणि बारा कंटूर चढ असेल तर ९०० अधिक ६००, झाले १५००. वळसा घालून पायवाटेने १३०० मीटर आणि चढ दोनच कंटूर असेल तर १४००. म्हणजे वळसाच बरा, वर पायवाटेवर पळता पळता पुढचा लेग वाचून होतो तो वेगळाच फायदा.

बाजूने पळणारी लोकं विसरून जा. ओ-रिंगेनला हजारो लोकं असतात, किती तरी वयोगट, प्रत्येकाचा कोर्स वेगळा, तुमच्या पुढे गेलेला माणूस भलत्याच झेंड्याकडे चाललेला असतो. झेंडा दिसला तरी चिप लावायच्या आधी त्यावरचा नंबर तुमच्याकडच्या कंट्रोलच्या यादीशी जुळवा. मी एकदा शेजारशेजारच्या दोन सारख्या ओढ्यांपैकी चुकीच्या ओढ्यात उतरले आणि पंचवीस मिनिटं जमीनच नकाशाशी जुळवत बसले, "हा वाकडा दिसतोय तो हाच असणार" असं करत करत. तसं करू नका. दोन गोष्टी जुळल्या नाहीत की थांबायचं, नकाशा उत्तरेला लावायचा, आणि शेवटची खात्रीची जागा आठवून सरळ तिथे परत जायचं, पाच मिनिटं जातात पण पुढची तीस वाचतात.

बाकी किरकोळ. दीड-दोन तास जंगलात असाल तर खिशात खजूर किंवा चिक्की ठेवा, पाण्याची जागा नकाशावर पेल्याच्या चिन्हाने दाखवलेली असते. पाय पूर्ण झाकणारे कपडे घाला आणि घरी आल्यावर गोचीड लागलाय का ते गुडघ्यामागे, काखेत नीट बघा, गोचिडामुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारून ठेवा.

प्रश्न: मुलगी फिनलंडला शिकते. विद्यापीठाच्या मिश्र टीममधून जुकोला नावाच्या रिलेत रात्री जंगलात एकटी पळणार म्हणते. आम्ही ठाण्यात, रात्रभर झोप लागायची नाही. जाऊ द्यावं का?

उत्तर: दादा, जाऊ द्या, खरंच जाऊ द्या. जुकोला १९४९ पासून चालू आहे, सात जणांची टीम, शनिवारी रात्री अकराला सुरू होऊन सकाळपर्यंत चालते, नुसत्या बायकांची वेन्ला त्याच दिवशी आधी होते. जूनमधली तिथली रात्र आपल्यासारखी काळीकुट्ट नसते, तरी झाडीत डोक्याला दिवा लागतोच. एकटी म्हणाल तर हजारो दिवे जंगलातून हलत असतात.

आणि या खेळात जखमी माणूस दिसला की आपली रेस सोडून मदत करणं बंधनकारक आहे. हे नुसतं कागदावर नाही बरं का. २००९ला हंगेरीत मिश्कोल्त्सला वर्ल्ड चॅम्पियनशिपची रिले होती, शेवटचा टप्पा, स्वीडनच्या मार्टिन योहान्सनच्या मांडीत फांदी खोल घुसली. फ्रान्सचा थिएरी गेओर्गिऊ, नॉर्वेचा आंदेर्स नूर्डबेर्ग आणि झेक मिखाल स्मोला, तिघंही पदकाच्या शर्यतीत होते, तिघंही थांबले. सोनं स्वित्झर्लंडला गेलं. मी हे वाचलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं.

मुलीकडून दोन गोष्टी मात्र कबूल करून घ्या, शिट्टी जवळ ठेवायची, आणि रेस मध्येच सोडली तरी फिनिशला जाऊन चिप दाखवायचीच. ती दाखवली नाही तर लोकं तिला जंगलात शोधत राहतील.