गेटवरचा बोर्ड बदलला, आता आमचा करार कुठं गेला?

प्रश्न: वकीलसाहेब नमस्कार. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे, १८ वर्षं झाली. मागच्या महिन्यात मालकांनी प्लांट दुसऱ्या कंपनीला विकला. भट्टी तीच, पॅटर्न तेच, गिऱ्हाईकं पण तीच. ९ दिवस काम बंद होतं, मग ९६ पैकी ८४ जणांना परत घेतलं, पण हातात नवीन अपॉइंटमेंट लेटर दिलंय आणि जॉइनिंगची तारीख नवीन टाकलीय. आमचा पगारवाढीचा करार सहायक कामगार आयुक्तांसमोर झालेला, अजून सव्वा वर्ष बाकी आहे. नवे एचआर साहेब म्हणतात तो करार जुन्या कंपनीचा, युनियनपण जुन्या कंपनीची, अमेरिकेत आमच्या मेन कंपनीत असंच चालतं. पोरं म्हणतात उद्यापासून गेट अडवून बसायचं. काय करू?

उत्तर: दादा, आधी एक सांगा, त्या लेटरवर सही केली का? नसेल तर थांबा, आणि केली असेल तर आजच एक साधं पत्र द्या की "माझी १८ वर्षांची सेवा सलग धरावी, ही सही हक्क राखून केली आहे" आणि त्याची पोच घ्या. गेटवरच्या घोषणांपेक्षा लेटरवरची जॉइनिंगची तारीख महत्त्वाची आहे, सगळी गंमत तिथंच आहे.

आता कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुना औद्योगिक विवाद कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता आलीय, पण धंदा विकल्यावरच्या तरतुदीचा गाभा तोच आहे. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला मालकी बदलली की नोटीस आणि कामगार कपातीत कामावरून काढल्यासारखी भरपाई मिळते, म्हणजे दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. तुमचे १८ गुणिले १५, २७० दिवसांचा पगार झाला बघा. ही भरपाई कधी द्यावी लागत नाही? तर सेवेत खंड नाही, अटी पहिल्यापेक्षा वाईट नाहीत, आणि पुढं कधी काढलं तर सेवा सलग धरून भरपाई द्यायला नवा मालक कायद्यानं बांधील आहे, या तिन्ही गोष्टी असतील तरच. तुमच्या लेटरवर तारीख नवीन म्हणजे तिसरी गोष्ट तिथंच उडाली. म्हणजे नवीन तारीख टाकून एचआर साहेबांनी जुन्या मालकाच्या नावावर ८४ जणांचं बिल फाडलंय, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंय की नाही कुणास ठाऊक!

पण दोन्ही ताटात जेवता येत नाही. आंध्रातल्या अनकापल्लीचा साखर कारखाना सहकारी सोसायटीनं विकत घेतला तेव्हा हाच वाद सुप्रीम कोर्टात गेला होता, निकाल लिहिला साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. त्यांनी म्हटलं की जुन्याकडून भरपाई पण आणि नव्याकडं नोकरीचा हक्क पण, असं दोन्ही मागता येणार नाही. घेणारा जुन्या मालकाचा खरा वारस, म्हणजे तोच धंदा पुढं चालवणारा, आहे का हे कसं बघायचं ते पण त्याच निकालात आहे: धंदा आख्खा घेतला का, तोच धंदा त्याच जागी चालू आहे का, मधे फार खंड पडला का. तुमची भट्टी, पॅटर्न, गिऱ्हाईकं, सगळं तेच आणि खंड ९ दिवसांचा, तेव्हा बाजू भक्कम दिसते. आणि करार आयुक्तांसमोर तडजोडीत झालेला असल्यामुळं तो मालकाच्या वारसांवरही बंधनकारक असतो. आपापसात, केबिनमध्ये बसून केलेला असता तर इतक्या ठामपणे बोललो नसतो. मुदत संपली तरी कुणीतरी लेखी नोटीस देऊन ६० दिवस जाईपर्यंत तो चालूच राहतो.

अमेरिकेचं म्हणाल तर साहेबांनी अर्धंच सांगितलंय. तिथं १९७२ मध्ये बर्न्स नावाच्या सिक्युरिटी कंपनीचा खटला झाला. तिनं एका प्लांटचं काम घेतलं, ४२ गार्डपैकी २७ आधीच्याच कंपनीतले ठेवले. सुप्रीम कोर्ट म्हणालं जुना करार नव्यावर लादता येणार नाही हे खरं, पण युनियनशी बोलणी करावीच लागतील. म्हणजे तिथलाच नियम लावायचा म्हटला तरी साहेबांना टेबलवर बसणं चुकत नाही!

युनियन कंपनीची नसते हो, कामगारांची असते, बोर्ड बदलला म्हणून पावती पुस्तक रद्द होत नाही. फक्त दोन युनियन असतील तर मालकाशी वाटाघाटी करणारी एकमेव युनियन ठरायला मस्टरवरचे ५१ टक्के लागतात, ८४ मध्ये ४३ जण. ते आधी मोजून ठेवा.

आता गेट. शिफ्ट सुटल्यावर सतरंजी टाकून, फलक धरून बाहेर बसा, तो काय संप नव्हे. पण कामावर जाणाऱ्याला अंगानं अडवलं की ती कामगारांकडून अनुचित प्रथा, म्हणजे कायद्यानं मनाई असलेली वागणूक, धरली जाते, घेराव पण तसाच, आणि मालकाच्या घरासमोर निदर्शनं सुद्धा, मग बंगला ताराबाई पार्कात असू दे नाहीतर नागाळा पार्कात. भंगाराचा ट्रक अडवला तर दुसऱ्याच दिवशी कंपनी कोर्टातून अमुक मीटर लांब बसा म्हणून मनाई घेऊन येईल आणि तुमचा मांडव हायवेच्या कडेला जाईल, हे मी डोळ्यानं बघितलंय. संपच करायचा तर १४ दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या लोकांनी एकदम रजा टाकली तरी तो संपच धरतात.

आणि ते जे १२ जण घरी बसलेत, त्यांचा अर्ज पहिला टाका, तडजोड अधिकाऱ्याकडं, म्हणजे कामगार-मालकांचे वाद मिटवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडं. त्यांची भरपाई जुन्या मालकाकडं आहे आणि त्यांना मुदत दोनच वर्षांची.

प्रश्न: गोकुळ शिरगावला आमच्या कंपनीचे फक्त शेअर विकले गेलेत, गेटवरचा बोर्ड तोच आहे. आम्हालापण ही भरपाई मिळेल का?

उत्तर: नाही. मालक कंपनीच होती आणि अजून तीच आहे, फक्त वरची माणसं बदलली. भरपाई नाही, पण तुमची सेवा आणि करार जसेच्या तसे, कुणी नवीन लेटर पुढं केलं तर सही करू नका.