बाह्य मॉनिटरवर गेम : चित्राचा आकार नेमका कोण बदलते?

या वेळी आलेल्या प्रश्नांचा गाभा एकच आहे : लॅपटॉपच्या पडद्यावर नीट दिसणारा गेम बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडला की बिघडतो. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. चित्राचा आकार लहानमोठा करण्याचे काम चार ठिकाणी होऊ शकते : खुद्द गेममध्ये, विंडोजमध्ये, ग्राफिक्स कार्डात आणि मॉनिटरमध्ये. ते एकाच ठिकाणी झाले तर चित्र बहुधा स्वच्छ येते. दोघातिघांनी त्यात हात घातला की धूसरपणा, कापलेल्या कडा आणि चुकणारे क्लिक सुरू होतात. म्हणून कोणतेही सेटिंग बदलण्याआधी, गेम चालू असतानाच, मॉनिटरवरील बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडावा आणि आत येणाऱ्या सिग्नलचे रिझोल्यूशन, म्हणजे आडव्या आणि उभ्या पिक्सेलांची (ठिपक्यांची) संख्या, वाचावे. तो आकडा मॉनिटरच्या मूळ रिझोल्यूशनपेक्षा कमी असेल, तर चित्र मॉनिटर ताणत आहे. आकडा मूळ रिझोल्यूशनइतकाच असेल, तर जो काही फेरफार झाला तो केबलमध्ये शिरण्यापूर्वीच झालेला आहे.

प्रश्न : माझा मॉनिटर २७ इंची, ३८४०×२१६० रिझोल्यूशनचा आहे आणि विंडोजमध्ये स्केलिंग (अक्षरे आणि बटणे मोठी दाखवण्याचे प्रमाण) १५० टक्के ठेवले आहे. एक जुना गेम बॉर्डरलेस विंडोमध्ये (पडदाभर पसरलेल्या, चौकट नसलेल्या खिडकीत) उघडला की २५६०×१४४० दाखवतो, चित्र पुसट दिसते आणि मेनूतील बटणांवर क्लिक केले तरी ती लागत नाहीत.

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांतच दोषाचे कारण सापडते. ३८४० ला दीडने भागले की २५६० येतात आणि २१६० ला भागले की १४४०. विंडोजसाठी १०० टक्के म्हणजे इंचामागे ९६ ठिपके. जो प्रोग्राम याहून दाट पडद्यांचा विचार करून लिहिलेला नाही, त्याला विंडोज पडदा प्रत्यक्षापेक्षा लहान असल्याचे सांगते, त्याने काढलेले चित्र स्वतः मोठे करते आणि मगच पडद्यावर मांडते. १९२०×१०८० च्या पडद्यावर १२५ टक्के स्केलिंग असताना काही गेम १५३६×८६४ दाखवतात, तेही याच कारणाने. प्रत्येक मॉनिटरचे स्केलिंग वेगळे ठेवण्याची सोय विंडोजमध्ये २०१३ साली, ८.१ या आवृत्तीत आली. त्याआधीच्या गेमांनी ती गृहीत धरली नसेल तर त्यांना दोष देता येणार नाही.

क्लिक चुकण्याचा प्रकार जरा बारकाईने पाहा. पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातील बटण बरोबर लागते, मधले थोडे हुकते आणि उजवीकडे खाली जावे तसे अंतर वाढत जाते, असे होत असेल तर माउसची जागा एका मापाने मोजली जात आहे आणि मेनू दुसऱ्या मापाने काढला जात आहे. मोजणी डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू होत असल्यामुळे तिथे चूक जवळजवळ शून्य असते.

उपाय असा : गेमच्या एक्सई फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधील कम्पॅटिबिलिटी या टॅबवर जावे, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' उघडावे, सर्वांत खालच्या चौकटीत खूण करावी आणि यादीतून 'ॲप्लिकेशन' निवडावे. म्हणजे विंडोज बाजूला होते आणि गेमला खरा पडदा दिसतो. येथे बहुतेकांची चूक होते ती फाइल निवडताना. गेम सुरू करून देणाऱ्या लाँचरची फाइल वेगळी असते आणि तिचे सेटिंग बदलून काहीच साधत नाही. गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडले, तर योग्य फाइल हाती लागते.

आणखी एक सूचना. मॉनिटर नंतर जोडला असेल, तर एकदा साइन आउट करून पुन्हा साइन इन करावे. अनेक प्रोग्राम स्केलिंगचे माप साइन इनच्या वेळच्या मुख्य पडद्यावरून घेतात आणि पुढे तेच धरून बसतात.

प्रश्न : मॉनिटर २५६०×१४४० चा आहे, पण ग्राफिक्स कार्ड जुने असल्याने गेम १९२०×१०८० वर चालवावा लागतो. अक्षरे फारच धूसर दिसतात. मॉनिटर सदोष असेल का?

उत्तर : मॉनिटर निर्दोष आहे. २५६० ला १९२० ने भागले की १.३३ येते, म्हणजे गेमचे तीन पिक्सेल मॉनिटरच्या चार पिक्सेलांवर बसवायचे असतात. ते सरळ बसत नाहीत, म्हणून शेजारच्या रंगांचे मिश्रण करावे लागते आणि बारीक अक्षरांच्या कडा विरघळतात. हे मिश्रण मॉनिटरने केले काय किंवा ग्राफिक्स कार्डाने केले काय, फरक थोडाच पडतो.

माझा ठाम सल्ला असा की गेमचे रिझोल्यूशन २५६०×१४४० वरच ठेवावे आणि गेममधील 'रेंडर स्केल' (गेमचे दृश्य किती टक्के रिझोल्यूशनवर काढायचे ते प्रमाण) ७५ टक्के करावे. लांबी आणि रुंदी या दोन्ही बाजूंनी ७५ टक्के म्हणजे नेमके १९२०×१०८०, त्यामुळे कार्डावरचा भार जवळपास तेवढाच राहतो. मात्र सामान्यतः नकाशा, संवाद आणि गुणफलक पूर्ण रिझोल्यूशनवर काढले जात असल्याने वाचायला स्वच्छ राहतात. गेममध्ये एफएसआर किंवा डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनवर काढलेले चित्र सुधारून मोठे करणारी तंत्रे) असेल तर ते अधिक चांगले. त्यांच्या 'क्वालिटी' पातळीवर प्रत्येक बाजू दीडपटीने वाढवली जाते, म्हणजे चित्र मुळात साधारण १७०७×९६० वर तयार होते. डीएलएसएससाठी एनव्हिडियाचे आरटीएक्स कार्ड लागते, एफएसआरच्या तिसऱ्यापर्यंतच्या आवृत्त्यांना तसे बंधन नाही.

मोठ्या चौकोनी ठिपक्यांनी चित्रे काढलेले (पिक्सेल आर्ट) गेम मात्र याला अपवाद आहेत. त्यांच्यासाठी १२८०×७२० ठेवून ड्रायव्हरमध्ये (ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) 'इंटिजर स्केलिंग' चालू करावे. प्रत्येक पिक्सेलचे नेमके चार होतात, मिश्रण होतच नाही आणि कडा धारदार राहतात. इंटेल आणि एनव्हिडिया यांनी २०१९ मध्ये आपापल्या त्या वेळच्या नव्या ग्राफिक्ससाठी ही सोय आणली.

प्रश्न : लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडला की चारही कडा कापल्या जातात. कोपऱ्यातील आयुष्याची पट्टी अर्धीच दिसते.

उत्तर : याला ओव्हरस्कॅन म्हणतात. काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या येत, म्हणून चित्र थोडे मोठे करून कडा चौकटीआड लपवण्याची पद्धत पडली. आज तिची गरज उरलेली नाही, तरी अनेक टीव्ही तसेच करतात. दुरुस्ती टीव्हीतच करावी. चित्राच्या आकाराच्या मेनूत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा '१:१' यांपैकी एखादा पर्याय सापडेल. काही टीव्हींमध्ये त्या इनपुटचे नाव 'पीसी' ठेवले की हे आपोआप होते.

ड्रायव्हरमध्ये चित्र आक्रसण्याची सरकती पट्टी असते आणि तिने कडा लगेच दिसू लागतात, म्हणून अनेक जण तिथेच थांबतात. मीही एकदा थांबलो होतो, आणि चित्र पूर्ण दिसत असूनही अक्षरे मऊ का, या शोधात एक संध्याकाळ गेली. ग्राफिक्स कार्ड चित्र लहान करत होते आणि टीव्ही तेच पुन्हा मोठे करत होता. पट्टी शून्यावर आणून टीव्हीचे सेटिंग बदलताच अक्षरे मोकळी झाली.

प्रश्न : १०२४×७६८ चा जुना गेम रुंद मॉनिटरवर ताणलेला दिसतो. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये स्केलिंगचा पर्यायच नाही.

उत्तर : अनेक लॅपटॉपांत बाहेरच्या पडद्याचे पोर्ट प्रोसेसरमधील ग्राफिक्सला जोडलेले असते. गेम एनव्हिडियाच्या कार्डावर चालत असला तरी चित्र बाहेर पाठवण्याचे काम इंटेल किंवा एएमडीचे ग्राफिक्स करते, म्हणून स्केलिंगचे सेटिंगही त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये शोधावे लागते. तेथे प्रमाण कायम ठेवण्याचा, म्हणजे 'मेंटेन आस्पेक्ट रेशो' हा पर्याय निवडावा. १९२०×१०८० च्या मॉनिटरवर ४:३ चित्र १४४०×१०८० इतकी जागा घेते आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलांच्या काळ्या पट्ट्या राहतात. त्या दोष नव्हेत. खात्री करायची असेल तर गेममधील एखाद्या गोल होकायंत्रावर पट्टी धरून उभे आणि आडवे माप घ्यावे; दोन्ही सारखी भरली की प्रमाण बरोबर आहे.

प्रश्न : नव्या मॉनिटरचे रिझोल्यूशन २५६०×१४४० असूनही १९२०×१०८० च्या पुढे काही निवडता येत नाही.

उत्तर : दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवण्याचा प्रकार, म्हणजे 'डुप्लिकेट', चालू आहे का ते आधी पाहावे. त्यात दोन्ही पडद्यांना एकच रिझोल्यूशन वापरावे लागते आणि लॅपटॉपच्या पडद्याची मर्यादा मॉनिटरलाही लागू होते. विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडावे. तरीही आकडा वर गेला नाही, तर केबल आणि मधला अडॅप्टर बदलून पाहावा.