‘यिद्दिशकाइट’ला मराठीत काय म्हणावं?

तुमचा प्रश्न असा की, इंग्रजी कादंबरीत ‘यिद्दिशकाइट’ हा शब्द आला, कोशात ‘जूइशनेस’ एवढंच सापडलं, मग लेखकानं तेच का लिहिलं नाही?

मी अधूनमधून भाषांतरं करते. या एका शब्दापाशी दोन दिवस अडून बसले होते. ‘यीद’ म्हणजे ज्यू. ‘यिद्दिश’ म्हणजे ज्यूंचं, आणि युरोपातल्या ज्यूंच्या एका बोलीचं नावही तेच. शेवटचा ‘काइट’ जर्मनशी नातं सांगणारा, आपल्या ‘पणा’सारखा. (याच प्रत्ययाचा ‘मेंशलेखकाइट’ म्हणजे तर चक्क माणुसकी!) ‘ज्यूपण’ लिहून पाहिलं, पण त्यातून भाषा गळते. ‘मराठीपण’ म्हटलं की बोली, माणसं, पुरणपोळी, टोमणे सगळंच येतं ना? तसं आहे हे.

इंग्रजीत मात्र बोलणारा कोण, यावर अर्थ फिरतो. ब्रुकलिनमधला कर्मठ ज्यू ‘त्या घरात यिद्दिशकाइट नाही’ म्हणाला, तर तिथे शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस), कोशेर (खाण्यापिण्याचे धर्मनियम) पाळत नाहीत असं समजायचं. सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराची, पायरी न चढणारा नास्तिक समाजवादीही हाच शब्द वापरतो, पण त्याच्या मनात असते आजीची बोली, १८९७ पासूनचं ‘फोरव्हर्ट्स’ हे यिद्दिश वर्तमानपत्र, न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यूवरची नाटकं, कामगार संघटना आणि स्वतःवरच केलेले विनोद. दुसऱ्या महायुद्धाआधी यिद्दिश बोलणारे एक कोटीहून जास्त होते. त्यातले बहुतेक पूर्व युरोपातले, आणि नाझींनी तिथली गावंच्या गावं संपवली. म्हणून या दुसऱ्या अर्थाला थोडा सुतकी सूर असतो.

एक सांभाळा. यिद्दिशमध्ये दीर्घ ‘यीद’ साधा शब्द आहे, पण इंग्रजीतला ऱ्हस्व ‘यिड’ ही शिवी आहे.

आणि हा शब्द अश्केनाझींचा, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंचा, सरसकट सगळ्या ज्यूंना चिकटवू नये. आपल्या रायगडकडच्या बेने इस्रायलींचंच, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचंच, बघा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते ‘शनवार तेली’, नवसाला पोह्यांचा मलिदा, आणि इस्रायलला गेल्यावरही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. यिद्दिशचा त्यात थेंबही नाही.

मी शेवटी मूळ शब्दच ठेवला आणि कर्मठ पात्राच्या तोंडी तेवढं ‘धर्माचरण’ घातलं. तुमच्या कादंबरीत हा शब्द कोण बोलतंय?