महात्मा फुले योजनेमुळे खासगी रुग्णालयांचं आर्थिक गणित कसं बदलतं?

मुख्य फरक पैसे हातात पडण्याच्या वेळेत. रोख रुग्ण घरी जाताना बिल भरून जातो. महाराष्ट्र सरकारच्या या मोफत उपचार योजनेत आधी ऑनलाइन पूर्वमंजुरी, मग उपचार, डिस्चार्जनंतर कागदपत्रं अपलोड, छाननी आणि त्यानंतर पॅकेज दराने, म्हणजे त्या उपचारासाठी आधीच ठरलेल्या एकरकमी दराने, रुग्णालयाला रक्कम. एखादा रिपोर्ट राहिला की क्वेरी (खुलाशाची मागणी) येते, क्लेम म्हणजे पैशांची मागणी लटकते. औषधवाला आणि नर्सचा पगार मात्र थांबत नाही. २०२४ पासून कुटुंबाचं वार्षिक संरक्षण दीड लाखावरून ५ लाख झालं, म्हणून पॅकेजचे दर आपोआप वाढले असं नव्हे. हा घोळ बरेच जण करतात. मोठी रुग्णालयं जास्त रुग्णसंख्येवर तगतात. वीस खाटांच्या रुग्णालयाने खेळतं भांडवल आणि क्लेम सांभाळणारा पक्का माणूस असल्याशिवाय यात उतरू नये, असं माझं मत.