जुन्या सिंथेसायझरचे टोन लॅपटॉपवरून एडिट करायला कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड सिंथ घेतला आहे, दोन ओळींच्या स्क्रीनवर एकेक पॅरामीटर शोधताना जीव जातो, आणि लॅपटॉपवर सगळं एकदम दिसेल असं सॉफ्टवेअर हवंय, शक्यतो फुकटचं. मॉडेल मात्र लिहिलेलं नाही. सॉफ्टवेअरची नावं खाली देतोच. पण ‘जुना सिंथ’ आणि ‘टोन एडिट’ हे शब्द एका वाक्यात आले की मला आमच्या तात्यांची सनई आठवते, म्हणून आधी ते सांगतो.

एडिटर नंतर घ्या. आधी डंप घ्या. सिंथच्या मेमरीत आज जे आहे ते सगळं सिसेक्स फाइल (सिंथच्या स्वतःच्या भाषेतला सेटिंगचा संदेश) म्हणून लॅपटॉपवर उतरवा, फाइल तपासा, ती परत सिंथमध्ये पाठवून बघा. तोवर एकाही टोनला हात लावू नका.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. सांगली-मिरज भागातल्या ऑर्केस्ट्रांत की-बोर्ड वाजवण्यात त्यांची उमर गेली. १९८७ साली त्यांनी मुंबईहून यामाहाचा डीएक्स७ आणला, तोही सेकंडहँड, काकूच्या पाटल्या मोडून. हा सिंथ १९८३ साली बाजारात आला, त्याच वर्षी मिडीही आलं, म्हणजे वाद्यं आणि संगणक तारेतून एकमेकांशी बोलतात ती भाषा. त्याचा इलेक्ट्रिक पियानो आणि घंटेसारखे टोन सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यात सनई नव्हती. आणि आमच्याकडे लग्नाआधीच्या हळदीच्या कार्यक्रमाला सनईशिवाय पडदाच उघडत नाही.

ती सनई तात्यांनी स्वतः बनवली. ऑर्केस्ट्राला काम नसतं त्या पावसाळ्यात, तेही दोन पावसाळे बसून. डीएक्स७च्या एका टोनमध्ये नाव सोडून १४५ पॅरामीटर असतात. दोन ओळींची स्क्रीन, चपटी बटणं आणि आकडा बदलायला एकच स्लायडर. एका वेळी एकच आकडा दिसणार. बाकीचे १४४ डोक्यात धरायचे. तात्यांचं शिक्षण जुनी मॅट्रिक, आणि हातात इंग्रजी मॅन्युअलची झेरॉक्स. त्यांनी सगळं कानानं केलं.

त्यांनी काय केलं होतं ते मला खूप नंतर कळलं. डीएक्स७मध्ये आवाज तयार करणारे सहा भाग असतात, ते ऑपरेटर, आणि त्यांची जोडणी म्हणजे अल्गोरिदम. तात्यांनी अल्गोरिदम ५ घेतला, म्हणजे दोन-दोन ऑपरेटरच्या तीन जोड्या. एका जोडीत कॅरिअर (जो ऐकू येतो तो) आणि मॉड्युलेटर (जो त्याचा पोत बदलतो तो) दोन्हींचा रेशो, म्हणजे मूळ स्वराच्या किती पट ते, १ला, त्यातून सगळे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) भरलेला पत्तीचा आवाज येतो. दुसऱ्या जोडीत कॅरिअर ४वर आणि मॉड्युलेटर १वर, त्यातून चौथ्या हार्मोनिकच्या आसपास जोर येतो आणि सनईचं ते नाकातलं बोलणं उमटतं. तिसरी जोडी थोडी डिट्यून केलेली, म्हणजे सुरापासून जराशी सरकवलेली. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट पिच एन्व्हेलपमध्ये, म्हणजे स्वराची उंची वेळेनुसार कशी बदलते त्या सेटिंगमध्ये होती. तिथे ५० म्हणजे सुराची बरोबर जागा. तात्यांनी सुरुवात ४८वर ठेवली होती. स्वर किंचित खालून यायचा आणि लगेच जागेवर बसायचा, जसा वाजंत्री फुंकर घालून स्वर उचलतो तसा. कोणत्याही पुस्तकात वाचून त्यांनी हे केलेलं नव्हतं.

हा टोन त्यांनी कुणाला दिला नाही. जिल्ह्यातले की-बोर्डवाले यायचे, चहा घ्यायचे, मागायचे. तात्या नाही म्हणायचे. मी कॉलेजात असताना या एका गोष्टीवरून त्यांच्याशी कितीतरी वेळा वाद घातला. मी म्हणायचो, “तात्या, एकदा रॅम कार्ट्रिज घ्या आणि त्यात उतरवून ठेवा, नाहीतर संगणकावर घेऊ.” ते म्हणायचे, “मिरजेचा सतारमेकर जवारी कशी काढतो ते बाजारात सांगत फिरतो का रे? हुन्नर पेटीतच ठेवायचा असतो.” (जवारी काढणं म्हणजे तारेखालची घोडी घासून सतारीचा आवाज खुलवणं.)

२०१६ साली गणपतीच्या तोंडावर सिंथ चालू केला तर स्क्रीनवर बॅटरी बदलायची सूचना. डीएक्स७मधले ३२ टोन एका नाण्याएवढ्या लिथियम बॅटरीच्या जोरावर टिकतात, आणि ती बोर्डावर सोल्डर केलेली असते. बॅटरी काढली की मेमरी गेली. मी म्हटलं, काळजी करू नका, आधी डंप घेतो. तात्या नाइलाजानं हो म्हणाले.

माझ्याकडे एक स्वस्तातली यूएसबी-मिडी केबल होती, मध्ये अंगठ्याएवढी डबी असलेली. नोट वाजवायला तिनं कधी त्रास दिला नव्हता. सिंथवर ३२ टोनचा डंप सोडला, लॅपटॉपवर फाइल तयार झाली, मी तिला नाव दिलं, तारीख टाकली. तंत्रज्ञानं जुनी बॅटरी काढली, नवी लावली. मी फाइल परत पाठवली. सिंथनं ती घेतलीच नाही. मेमरीत नुसता कचरा.

तेव्हा पहिल्यांदा मी फाइलची साइज पाहिली. १,०२४ बाइट. डीएक्स७चा ३२ टोनचा डंप बरोबर ४,१०४ बाइटचा असतो. सुरुवातीला सहा बाइटचं हेडर, मग प्रत्येक टोनचे १२८ बाइट, शेवटी चेकसम (बेरजेचा ताळा) आणि संदेश संपल्याची खूण एफ७. म्हणजे माझ्या फाइलमध्ये पहिले सात टोन पूर्ण होते आणि आठवा अर्धवट. सनई १९व्या जागेवर होती. केबलच्या त्या डबीला एवढा लांब संदेश झेपलेला नव्हता. तिनं पुढचा भाग टाकून दिला आणि कुठेही चूक दाखवली नाही.

तात्या मला काही बोलले नाहीत. काकूला म्हणाले, “ह्याच्या कॉम्प्युटरनं माझी सनई खाल्ली.” आमच्या घरात हे वाक्य अजून निघतं. लग्नात निघतं, बारशाला निघतं.

मग तीन रात्री आम्ही दोघं बसलो. तात्यांची लाल बांधणीची डायरी होती. तिच्यात रेशो आणि आउटपुट लेव्हल लिहिलेल्या होत्या, पण एन्व्हेलप सगळे नव्हते. काही ठिकाणी नुसतं ‘श्वास खालून’ एवढंच. त्याशिवाय १९९४च्या एका कार्यक्रमाची कॅसेट होती. मी लॅपटॉपवर डेक्सेड उघडलं. हे डीएक्स७ची हुबेहूब नक्कल करणारं फुकट सॉफ्टवेअर आहे आणि खऱ्या डीएक्स७ला टोन पाठवायलाही चालतं. सहाही ऑपरेटर, त्यांचे एन्व्हेलप रेषांनी काढलेले, सगळं एका पडद्यावर. तात्या बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “हे असं दिसत असतं तर माझा एक पावसाळा वाचला असता.” तुम्हाला एडिटर का हवाय ते मला यामुळेच नीट कळतं. कान तात्यांचे, आकडे माझ्या हातात, कॅसेट मागेपुढे. दोन पावसाळ्यांचं काम तीन रात्रींत उभं राहिलं.

एक गोष्ट मात्र त्यांचीच खरी ठरली. मी छोट्या यूएसबी की-बोर्डवर टोन वाजवून बघत होतो आणि तात्या सारखे म्हणत होते, “किंचाळतीये.” मी मॉड्युलेटर कमी करत गेलो, तर ती मऊ व्हायची पण मरून जायची. शेवटी ते उठले, टोन सिंथमध्ये पाठवायला लावला आणि त्याच्याच पट्ट्यांवर वाजवला. बरोबर बसला. डीएक्स७चा स्वतःचा की-बोर्ड कितीही जोरात मारला तरी १२७च्या व्हेलॉसिटीपर्यंत (पट्टी किती जोरात मारली त्याचा सगळ्यात मोठा आकडा) पोचत नाही. नवे की-बोर्ड सहज पोचतात. त्या वरच्या व्हेलॉसिटीला मॉड्युलेटर जास्त उघडतात आणि टोन फाटतो. म्हणून एडिट लॅपटॉपवर करा, पण निर्णय सिंथच्या पट्ट्यांवर घ्या.

आजची सनई जुनीच्या चौदा आणे आहे असं तात्या म्हणतात. मला तर फरक कळत नाही.

पण त्यांच्या त्या वाक्याला माझं उत्तर आजही तेच आहे. सनई कॉम्प्युटरनं खाल्ली नाही. केबल वाईट होती आणि मी साइज बघितली नाही, ही माझी चूक, ती मी त्याच दिवशी कबूल केली. पण पंचवीसहून जास्त वर्षं त्या टोनची जगात एकच प्रत होती, आणि ती एका नाण्याएवढ्या बॅटरीत होती. मागायला आलेल्या चार जणांना दिली असती तर एका फोनवर परत मिळाली असती. आणि मिरजेचं म्हणाल, तर तिथे सतारी दीडशेहून जास्त वर्षं बनतायत, त्या हुन्नर पेटीत ठेवल्यामुळे नाही. बापानं मुलाला, पुतण्याला, हाताखालच्या पोराला जवारी काढायला बसवलं म्हणून. जो टोन कुणालाच दिला जात नाही तो मालकाबरोबर किंवा बॅटरीबरोबर जातो. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांतले ऐंशी-नव्वदच्या दशकातले किती टोन असे गेले असतील, याचा विचार केला की मला आजही राग येतो.

आता तुमचं सॉफ्टवेअर. नुसता डंप घ्यायला आणि पाठवायला विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर सिसेक्स लायब्रेरियन, लिनक्सवर अमिडी ही कमांड. तिन्ही फुकट. एडिट करायला डीएक्स७ आणि त्याच्या सहा ऑपरेटरच्या भावंडांसाठी डेक्सेड. इतर जुन्या सिंथसाठी एडिसिन बघा, तेही फुकट आहे, जावावर चालतं, आणि त्यात बऱ्याच कंपन्यांच्या जुन्या मॉडेलांचे एडिटर आहेत. तुमचं मॉडेल त्यात असेल तर बाकी शोधू नका. पैसे खर्चायची तयारी असेल तर मिडी क्वेस्टमध्ये मॉडेलांची यादी खूप मोठी आहे. ब्राउझरमध्ये चालणारे एडिटरही आता मिळतात. तिथे सिसेक्ससाठी परवानगी विचारतात, ती दिली नाही तर टोन जाणार नाही आणि तुम्ही उगाच केबल बदलत बसाल.

खरा खर्च सॉफ्टवेअरवर करू नका, इंटरफेसवर करा. मिडीच्या तारेतून सेकंदाला ३,१२५ बाइट जातात, म्हणजे ४,१०४ बाइटच्या डंपला सव्वा सेकंदाहून जरा जास्त वेळ लागतो. एवढंच काम आहे, पण स्वस्त केबल इथेच मार खातात. त्यांतल्या काहींमध्ये तर ऑप्टो-आयसोलेटरही (दोन यंत्रांची वीज वेगळी ठेवणारा भाग) नसतो. नावाजलेल्या कंपनीचा साधा एक-इन एक-आउट इंटरफेस घ्या. सिंथकडे पाठवताना सिंथ अडखळत असेल तर मिडी-ऑक्समध्ये बफर लहान करून संदेशांमधला वेळ वाढवा, जुन्या मशीनला श्वास घ्यायला सवड लागते. आणि फाइल एफ०नं (संदेश सुरू झाल्याची खूण) सुरू होऊन एफ७नं संपते का ते दर वेळी बघा. दोनदा डंप घ्या. दोन्ही फाइल बाइट-न्-बाइट सारख्या असतील तरच विश्वास ठेवा.

कंट्रोलबद्दल तुम्ही शेवटी एक ओळ विचारली आहे, कार्यक्रमात लॅपटॉपवरून टोन बदलता येतील का म्हणून. येतात. बँकेसाठी कंट्रोल चेंज ० आणि ३२, मग प्रोग्रॅम चेंज, याच क्रमानं. एक नंबर इकडेतिकडे होत असेल तर घाबरू नका, काही सॉफ्टवेअर ०पासून मोजतात, काही १पासून. पण स्टेजवर मी स्वतः बटणच दाबतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. वर मी डीएक्स७चे जे आकडे दिले ते फक्त त्याच घराण्याला लागू आहेत. रोलँडच्या सिंथमध्ये डंप मागायची पद्धत वेगळी आहे. तिथे डिव्हाइस आयडी जुळावा लागतो, तो बहुतेक वेळा १७ असतो, आणि सिसेक्स रिसीव्ह चालू असावा लागतो. डीएक्स७वरही ‘सिस इन्फो’ चालू केल्याशिवाय आणि मेमरी प्रोटेक्ट काढल्याशिवाय काही होत नाही. ३२ टोनची फाइल पाठवली की मेमरीतले सगळे ३२ पुसले जातात, इंटरनेटवरून टोन उतरवणारी पोरं इथेच फसतात. एकेक टोनची १६३ बाइटची फाइल वेगळी असते, ती आधी फक्त एडिट बफरमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) जाते आणि सेव्ह केल्याशिवाय टिकत नाही. बॅटरी स्वतः काढायला जाऊ नका, सोल्डरिंगचा हात बसलेला माणूस बघा.

मॉडेलचं नाव आणि मागच्या पट्टीवरची मिडीची भोकं कोणकोणती आहेत तेवढं खाली लिहा, मग डंप कुठल्या मेनूत आहे ते नेमकं सांगता येईल. डीएक्स७ निघाला तर तात्यांची सनई पाठवतो. गेल्या दिवाळीत मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “दे. पण नाव माझं राहू दे.” टोनच्या नावाला दहाच अक्षरं बसतात, त्यात ‘तात्या सनई’ इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता, बरोबर मावतं.