घराजवळ कचरा प्रक्रिया प्रकल्प येतोय, विरोध करावा का?

तुमच्या प्रश्नावरून एवढं कळलं की सोसायटीपासून साधारण ३०० मीटरवर महापालिका १५० टनांचा ओल्या कचऱ्याचा प्रकल्प आणतेय, लोक मोर्चाच्या तयारीत आहेत आणि तुम्हाला वास, माश्या आणि फ्लॅटची किंमत या तिन्हीची काळजी लागलीय. मी पुण्यात एका कचरा रॅम्पशेजारी राहतो. रॅम्प म्हणजे घंटागाड्यांतला कचरा मोठ्या गाड्यांत ओततात ती जागा. आमच्या भागातून महापालिकेशी भांडायला जे चार-पाच जण जातात त्यांत मीही असतो. त्यामुळे 'शहरासाठी थोडं सोसा' असलं काही सांगणार नाही. विरोध जरूर करा, फक्त नेमका कशाला करायचा ते आधी ठरवा.

मोर्चाचे फलक रंगवण्याआधी त्या जागेचा झोन दाखला आणि भाग नकाशा, म्हणजे ती जागा कशासाठी राखीव आहे ते दाखवणारे सरकारी कागद, काढा. विकास आराखड्यात तिथं कचरा प्रक्रियेचं आरक्षण आधीपासून आहे की आत्ता बदलून आणलंय, यावर तुमची पुढची सगळी लढाई ठरते. बदललं असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली जाहीर नोटीस निघते आणि हरकती-सूचना मागवतात. ती मुदत हुकली की नंतर घसा कोरडा करून उपयोग नसतो. आरक्षण जुनं असेल तर पश्चिम पुण्यातल्या बाणेरचं प्रकरण वाचाच.

बाणेरच्या ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पाविरुद्ध रहिवासी राष्ट्रीय हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या न्यायालयात, गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये लवादानं प्रकल्प बंद करून दुसरीकडे हलवायला सांगितलं, लोकांनी पेढे वाटायचं तेवढं बाकी होतं. महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द झाला. जागा आराखड्यात आधीपासून याच कामासाठी राखीव होती, आसपासच्या इमारती नंतर आल्या. शिवाय हा प्रकल्प बंद केला तर पश्चिम पुण्याचा ओला कचरा गावभर फिरवत पूर्वेला हडपसरच्या बाजूला न्यावा लागेल, ते कुणाच्या हिताचं, असं न्यायालयानं विचारलं. रहिवासी अगदीच रिकाम्या हातानं परतले असंही नाही. नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेकडून पर्यावरण ऑडिट, झाडांची भिंत, अशा अटी पालिकेवर आल्या. मला विचाराल तर त्या अटी पहिल्या दिवशीच मागून घेता आल्या असत्या, चार वर्षं कोर्टात घालवायची गरज नव्हती. बिल्डरनं मात्र फ्लॅट विकताना ते आरक्षण किती जणांना दाखवलं असेल, हा वेगळाच विषय आहे.

'दुसरीकडे न्या' ही घोषणा मला पटत नाही, त्याला कारण पुण्याचाच इतिहास. कोथरूडचा कचरा डेपो लोकवस्ती वाढली तसा हटवला. आज त्या जागेवर मेट्रोचा डेपो आहे आणि नव्या माणसाला पत्ताही लागत नाही. कचरा मात्र उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या वेशीवर गेला. तिथल्या विहिरी नासल्या, डेपो पेटत राहिला. २०१७ च्या उन्हाळ्यात आग लागली तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरात जवळपास तीन आठवडे कचराकोंडी झाली. तेव्हा कुठं पेठांतल्या लोकांना फुरसुंगी नकाशावर सापडली.

आता मुद्द्याचं. सादरीकरणात तुम्हाला यंत्राची चित्रं दाखवतील. हिरवळ, कारंजं वगैरे. यंत्राबद्दल फार विचारू नका, गाड्यांबद्दल विचारा. आमच्याकडे रॅम्पच्या आतून जेवढा वास येतो त्याहून जास्त बाहेरच्या रांगेतून येतो. कॉम्पॅक्टर, म्हणजे कचरा दाबून भरणाऱ्या मोठ्या गाड्या, रस्त्याच्या कडेला उभे, मागच्या फळीखालून काळं पाणी ठिबकतंय, त्याचा ओघळ गटाराच्या झाकणापर्यंत गेलेला आणि वळणावर दुचाकी घसरतायत. या पाण्याला लिचेट म्हणतात. आंब्याच्या दिवसांत कोयी-सालींनी गाड्या भरल्या की ते आणखी वाढतं. १५० टन म्हणजे रोज किती गाड्या, कुठल्या रस्त्यानं, किती वाजता, रांग गेटच्या आत लागणार की तुमच्या दारात, हे लेखी घ्या.

ओला कचरा ताजा असताना प्रक्रियेत गेला तर वास आवरता येतो. ढिगात पडून राहिला की आत हवा पोचत नाही, कुजायला लागतो आणि सडक्या अंड्याचा दर्प सुटतो. म्हणून खरा प्रश्न हा, की यंत्र बंद पडलं त्या दिवशी गाड्या कुठं जाणार? उत्तरात दुसऱ्या प्रकल्पाचं नाव आलं नाही तर समजा, तो कचरा तिथंच साठणार. दुसरा प्रश्न रिजेक्टचा, म्हणजे प्रक्रियेत न चालणाऱ्या कचऱ्याचा. ओला म्हणून आलेल्या कचऱ्यात डायपर, चिंध्या, थर्माकोल, शहाळी सगळं निघतं. ते वेगळं काढून रोजच्या रोज उचललं नाही तर वर्षभरात प्रकल्पाच्या मागच्या बाजूला डोंगर उभा राहतो. ओल्या कचऱ्यापासून गॅस तिथंच करणार का तेही विचारा. बाणेरला कचऱ्याचा फक्त लगदा करतात, तो टँकरनं तळेगावला जातो आणि गॅस तिथं होतो. गॅसची साठवण तुमच्याकडे होणार असेल तर अग्निशमन दलाच्या अटी वेगळ्या लागतात.

पाहणीची वेळही तुम्हीच ठरवा. साहेब लोक अकराला येतात, तेव्हा ऊन असतं, वारा असतो, काही जाणवत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंड हवा जमिनीलगत दबून राहते, वास वर जात नाही, आणि सहाला खिडकी उघडली की घरात शिरतो. आम्ही पहाटेच्या पाहणीचा आग्रह धरला तेव्हा कुठं 'तक्रारीत तथ्य नाही' हा शेरा बंद झाला.

शक्य झालं तर पाच-सहा जण मिळून गोव्यात साळगावचा प्रकल्प बघून या. २०१६ मध्ये सुरू झाला तेव्हा क्षमता १०० टनांची होती, पुढे २५० वर नेली. काम बंदिस्त शेडमध्ये कसं चालतं ते दिसेल, आणि क्षमता कशी वाढत जाते तेही कळेल. तुमच्याकडच्या प्रकल्पाच्या करारात १५० च्या वर एक टनही नव्यानं सुनावणी घेतल्याशिवाय नाही, हे वाक्य घालायला लावा. तोंडी आश्वासनावर विसंबू नका, नगरसेवक बदलतात. अटी निविदेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात आल्या तरच पुढे दंड लावता येतो. संमती दोनदा लागते, उभारणीला एकदा आणि चालवायला एकदा. दुसऱ्या वेळी तुमच्या हातात पुन्हा संधी असते.

आणखी एक. सुनावणीत अधिकारी हमखास विचारणार, 'तुमच्या सोसायटीचा ओला कचरा कुठं जातो?' २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांनी तो शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं. आमच्या इथल्या निम्म्या सोसायट्यांचे गांडूळखताचे हौद मिळकत करात सवलत घेण्यापुरते आहेत, आत जुन्या कुंड्या भरलेल्या. तुमचाही तसाच असेल तर सुनावणीआधी चालू करा, नाहीतर पहिल्याच प्रश्नाला सगळे छताकडे बघाल.

फ्लॅटच्या किमतीचं विचारलंत. गिऱ्हाईक जागा बघायला येतं तेव्हा रस्त्यावर लिचेट आहे की नाही यावर बराच भाव ठरतो, हा आमच्या गल्लीतला अनुभव. घाईनं विकू नका.

झोन दाखला हातात आला की आरक्षण काय निघालं ते कळवा. जुनं असेल तर अटींचा मसुदा कसा करायचा ते सांगतो. नवं असेल तर हरकतीचं पत्र आधी लिहायला घ्या, आणि ते सोसायटीच्या एका पत्रावर न देता घराघरातून स्वतंत्र सह्यांनी द्या.