वाचकांचे प्रश्न : पावतीची खिडकी उघडतच नाही

प्रश्न : मुलीची परीक्षा फी ऑनलाइन भरते. पैसे खात्यातून जातात, पण पावती उघडत नाही. घरच्या लॅपटॉपवर कधी उघडते, कधी नाही. कॅफेवाल्याने क्रोममधला पॉप-अप ब्लॉकर पूर्ण बंद करून दिला. आता पावती येते, पण इतर साइटवर जाहिरातींच्या खिडक्याही उघडायला लागल्या आहेत. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी ब्लॉकर, म्हणजे साइटने उघडलेल्या नव्या खिडक्या (पॉप-अप) रोखणारी सोय, पुन्हा चालू करा. एका पावतीसाठी सगळ्या साइटना दार उघडं ठेवायची गरज नाही. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन ठिपके, मग सेटिंग्ज, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स’ असं जा. तिथे परवानगी न देण्याचा पर्याय निवडा. त्याच पानावर खाली परवानगी असलेल्या साइटची यादी असते. तिथे ‘ॲड’ दाबून फी भरण्याच्या साइटचा पत्ता टाका. पत्त्याच्या आधी [*.] लिहिलंत तर त्या साइटचे पोटविभागही त्यात येतात.

पत्ता टाकताना बरेच जण एक चूक करतात. खिडकी बँकेची उघडणार म्हणून बँकेचा पत्ता टाकतात आणि तरीही काही उघडत नाही. ब्राउझर बघतो ते खिडकी कोण उघडतंय हे, आत काय येणार आहे हे नाही. कॉलेजच्या पानावरून बँकेची खिडकी उघडत असेल, तर परवानगी कॉलेजच्या साइटला हवी.

कधी उघडते आणि कधी नाही, याचं कारण बहुधा नेटच्या वेगात आहे. तुम्ही बटण दाबलं की ब्राउझर त्या क्लिकची नोंद घेतो आणि थोडा वेळ साइटला नवी खिडकी उघडू देतो. क्रोममध्ये ही मुदत साधारण 5 सेकंदांची असते, सफारी याहून कडक आहे. काही साइट बटण दाबल्यावर आधी सर्व्हरला विचारतात आणि उत्तर आल्यावर खिडकी उघडायला जातात. नेट मंद असलं की मुदत संपते आणि ब्राउझरला वाटतं, ही खिडकी कुणी मागितलेलीच नाही. शिवाय एका क्लिकवर साधारणपणे एकच खिडकी मिळते, त्यामुळे एकाच बटणावर पावती आणि अर्ज अशा दोन खिडक्या उघडणाऱ्या साइटवर दुसरी अडकते. खरं तर हा दोष साइट बनवणाऱ्यांचा आहे. पावती त्याच पानावर दाखवली असती, तर हा त्रास कुणालाच झाला नसता.

खिडकी अडली की क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीत उजव्या टोकाला एक लहान चिन्ह येतं. ते दाबा. अडवलेल्या खिडकीचा पत्ता तिथे लिंकसारखा दिसतो, त्यावर क्लिक केलं की पावती लगेच उघडते. पान रिफ्रेश करायची घाई मुळीच करू नका. पैसे भरल्यानंतरचं पान पुन्हा लोड केलं, तर तोच व्यवहार दुसऱ्यांदा पाठवला जाण्याचा धोका असतो. ‘पे’चं बटणही पुन्हा दाबण्याआधी खात्याचं स्टेटमेंट बघा. कायमची परवानगी द्यायची ती अर्ज भरायला बसण्याआधी द्या, मधेच नको.

फायरफॉक्समध्ये खिडकी अडली की पानाच्या वर पट्टी येते. तिच्यावरच्या बटणातून अडलेली खिडकी उघडता येते किंवा त्या साइटला कायमची मुभा देता येते. आधीच मुभा द्यायची असेल तर सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘ब्लॉक पॉप-अप विंडोज’ आणि त्याशेजारी ‘एक्सेप्शन्स’ आहे.

परवानगी देऊनही उघडलं नाही, तर जाहिराती रोखणाऱ्या एक्स्टेंशनवर, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर, संशय घ्या. क्रोमच्या इनकॉग्निटो (खासगी) खिडकीत एक्स्टेंशन सहसा चालत नाहीत, म्हणून तिथे उघडून पाहिलं की दोष कुठे आहे ते कळतं.

प्रश्न : पॉप-अप ब्लॉकर चालू आहे, तरी संगणकाच्या कोपऱ्यात ‘तुम्ही बक्षीस जिंकलंत’ असे चौकोन येतात. ब्राउझर बंद असल्यासारखा दिसतो तेव्हाही येतात.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : हे पॉप-अप नाहीत, नोटिफिकेशन म्हणजे साइटने पाठवलेल्या सूचना आहेत, म्हणून ब्लॉकरला ते दिसतच नाहीत. कधीतरी एखाद्या साइटने ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा’ म्हटलं असेल आणि ते दाबलं गेलं असेल. खऱ्या रोबो-तपासणीला नोटिफिकेशनची परवानगी लागत नाही. ‘साइट सेटिंग्ज’मध्येच ‘नोटिफिकेशन्स’ उघडा, परवानगी दिलेल्यांची यादी बघा आणि अनोळखी नावं काढून टाका. कुठली साइट पाठवते ते त्या चौकोनावरच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

प्रश्न : आयफोनवर एका साइटपुरतेच पॉप-अप चालू करता येतात का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आयफोनच्या सफारीत सगळ्या साइटसाठी एकच बटण आहे. सेटिंग्ज, ‘ॲप्स’, सफारी, ‘ब्लॉक पॉप-अप्स’. आयओएस 18च्या आधीच्या फोनवर सफारी थेट सेटिंग्जमध्येच सापडेल. काम होईपर्यंत बंद करा, झालं की लगेच चालू करा. मॅकवर मात्र सफारीच्या सेटिंग्जमधल्या ‘वेबसाइट्स’मध्ये साइटवार ठरवता येतं.

प्रश्न : वडील जुना सिनेमा शोधत होते. एकदम पूर्ण स्क्रीनवर ‘व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ आलं, आवाजही सुरू झाला. पॉप-अप ब्लॉकर असताना हे आलंच कसं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पहिल्या उत्तरातला क्लिकचा नियम इथे उलटा वापरला जातो. फुकट सिनेमे दाखवणाऱ्या साइट पानावर न दिसणारा थर टाकतात. वडिलांनी प्ले दाबलं, पण क्लिक लागलं त्या थराला. ब्राउझरच्या लेखी माणसाने स्वतः क्लिक केलं होतं, म्हणून त्याने खिडकी उघडू दिली.

ते फक्त एक वेबपान आहे. संगणकात व्हायरस असल्याचा तो पुरावा नाही. एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, पूर्ण स्क्रीन सुटेल, मग टॅब बंद करा. नाही सुटलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. पुन्हा उघडताना ‘रिस्टोअर’ विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर तेच पान परत येईल.

त्या नंबरवर फोन करू नका. पलीकडचा माणूस स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतो आणि मग बँकेची साइट उघडायला लावतो. फोन झालाच असेल तर नेट तोडा, ते ॲप काढा आणि दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर बँकेला आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.